हेडविगच्या हुंड्याचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतील जर्मनीतल्या लान्ड्सहूटच्या १४७५ मधील शाही लग्नावरचा, म्हणजे बव्हेरियाचा जॉर्ज आणि पोलंडची राजकन्या हेडविग यांच्या लग्नावरचा लेख वाचला. मेजवानीचे ३२३ बैल, सुमारे ४०,००० कोंबड्या आणि १,९४,३४५ अंडी हे आकडे बरोबरच आहेत. पण वधूची ओळखच चुकली आहे. लेखात जिला संतपद मिळाल्याचे म्हटले आहे, ती पोलंडची राणी याद्विगा. १३८४ मध्ये राज्याभिषेक झालेली ती याद्विगा १३९९ मध्येच वारली. लान्ड्सहूटला आलेली याद्विगा, जर्मन उच्चारात हेडविग, ही पोलंडचा राजा चौथा काझिमिएझ याची १४५७ मध्ये जन्मलेली मुलगी. दोघींत रक्ताचे जवळचे नातेही नाही. पोलंडच्या यागीएलो राजाची पहिली बायको ती राणी, आणि हेडविगचे वडील त्याच राजाच्या चौथ्या बायकोचे.

दुसरा मुद्दा पैशांचा. खर्च ६०,७६६ गिल्डर आणि हुंडा ३२,००० गिल्डर, म्हणून ‘बव्हेरियाला निम्मे पैसे परत मिळाले’ असे लेखक म्हणतात. पण खर्च ऱ्हाइनी गिल्डरमध्ये लिहिला आहे आणि हुंडा ठरला होता हंगेरियन गिल्डरमध्ये. हंगेरियन नाणे जवळजवळ शुद्ध सोन्याचे, ऱ्हाइनी त्याहून हिणकस. त्यामुळे आकडे नुसते शेजारी मांडून चालत नाही. शिवाय हुंडा ठरणे वेगळे आणि हाती पडणे वेगळे.

अशा करारात वधूपक्षाच्या हुंड्याला जोडून वरपक्षाची तोड-रक्कम (हुंड्याच्या बदल्यात वराने वधूच्या नावे करायची रक्कम) आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळभेट असे. हे पैसे पेटीत ठेवत नसत, ठरावीक गावांच्या उत्पन्नावर बांधत. आपल्याकडच्या चोळीबांगडीच्या गावांसारखेच, फक्त खरा उपयोग वैधव्यात. हेडविग १८ फेब्रुवारी १५०२ रोजी वारली, नवरा जॉर्ज १ डिसेंबर १५०३ ला. म्हणजे विधवेसाठी केलेली तरतूद तिला कधी लागलीच नाही.

‘नवऱ्याने तिला बुर्गहाउझेनला हाकलले’ हे वाक्यही जुन्या पुस्तकांतून जसेच्या तसे उतरले आहे. साल्झाख नदीकाठचा तो किल्ला हजार मीटरहून लांब. लोअर बव्हेरियाच्या ड्यूकांच्या बायकांचे बिऱ्हाड तिथेच असे, जॉर्जची आई अमालियाही तिथेच राहिली. राजधानीपासून दूर होते खरे, पण हेडविगच्या पदरी स्वतःचा नोकरवर्ग आणि खर्चाची सोय होती. नवरा-बायकोचे फारसे जमले नसावे, हे मान्य. तरी त्याला कैद म्हणणे ओढूनताणून आहे.

खरे संकट वारसाचे. मुलगे लहानपणीच गेले, दोन मुली उरल्या. मार्गारेटा मठात गेली. एलिझाबेथचे लग्न १४९९ मध्ये पॅलेटिनेटच्या रूप्रेश्टशी झाले. जॉर्जने १४९६ च्या मृत्युपत्रात राज्य तिच्या नावे केले होते. पण एक शाखा संपली की तिचा मुलूख घराण्यातल्या दुसऱ्या पुरुष शाखेकडे जायचा, ही बव्हेरियावर राज्य करणाऱ्या विटल्सबाख घराण्यातली ठरलेली रीत. त्याच घराण्याच्या म्युनिक शाखेच्या ड्यूक अल्ब्रेश्टने त्यावर बोट ठेवले आणि १५०४ मध्ये युद्ध पेटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रूप्रेश्ट आणि सप्टेंबरमध्ये एलिझाबेथ वारली. १५०५ मध्ये जर्मन राजा माक्सिमिलियनने कोलोनला निवाडा दिला. एलिझाबेथच्या दोन लहान मुलांसाठी नॉयबुर्गची छोटी जहागीर काढून दिली, बाकीचा बहुतेक मुलूख म्युनिककडे गेला.

आता हुंड्याकडे. या दोघांतला थोरला नातू ओटहाइनरिश आजी गेल्यावर दोन महिन्यांच्या आत जन्मला. १५३६ च्या हिवाळ्यात तो घोड्यावरून थेट क्राकोला गेला, आजीच्या हुंड्याची थकबाकी मागायला. तेव्हा पोलंडच्या गादीवर हेडविगचाच भाऊ झिग्मुंट होता. लग्नाला ६१ वर्षे झाली होती. वाटेतल्या गावांची त्याने चित्रकाराकडून काढवून घेतलेली सुमारे ५० जलरंगचित्रे आज वुर्झबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. पुरवणीत पुन्हा या विषयावर काही छापणार असाल, तर अंड्यांच्या आकड्याऐवजी त्यातले एखादे चित्र छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा