चेहरा विसरला म्हणजे वेड लागलं असं नाही

मा. संपादक,

आमच्या आप्पांना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, हातपाय बरे झाले, केळीचा हिशोब अजून तोंडपाठ आहे पण माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. परवा चोपड्याला लग्नात सख्खा पुतण्या पाया पडला तर आप्पा नुसते बघत राहिले, आणि तो "आप्पा, मी शे" (मी आहे) बोलला तसा लगेच त्याला जवळ घेतलं. आवाजावरून ओळखलं! तरी मांडवात कुजबुज झालीच, म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणून. फार वाईट वाटलं.

मेंदूच्या खालच्या भागात कानाच्या मागच्या बाजूला, जास्त करून उजवीकडे, चेहरे ओळखायची एक खास जागा असते, अमेरिकेतल्या मेंदू-संशोधक नॅन्सी कॅनविशर यांच्या टीमने १९९७ मध्ये स्कॅन करून ती नीट दाखवली. अशा अटॅकमध्ये मेंदूतली ती जागा दुखावली की डोळे चांगले असूनही नाक, डोळे, मिशा सगळं सुटं सुटं दिसतं पण हा कोण ते जुळत नाही. बोडामर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९४७ सालीच डोक्याला मार लागलेल्या पेशंटमध्ये हे लिहून ठेवलंय. काहींना तर जन्मापासूनच असतं.

तुमच्या आरोग्य पानावर यावर एखाद्या मेंदूच्या डॉक्टरांकडून सविस्तर लिहून घ्या ही विनंती. आणि आप्पांसारखं कोणी भेटलं तर "ओळखलं का?" असं विचारून परीक्षा घेऊ नका, आधी आपलं नाव सांगा.

– एक वाचक, जळगाव जिल्हा