लेबलवरचं तळं आणि खरं तळं

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, 'बिअरच्या बाटलीचा फोटो काढायला डोंगर कशाला चढायचा?' असं तुम्ही विचारलंत. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. आणि आई, तू जे विचारलं नाहीस त्याचं उत्तर आधी देते: फोटोतली बाटली सीलबंद असते आणि तशीच घरी परत येते.

इथे ओरेगन राज्यातल्या बेंड गावात डेशूट्स नावाची ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवणारा कारखाना आहे, १९८८ साली सुरू झालेला. डेशूट्स ही इथली नदी. ब्रुअरीने स्वतःला नदीचं नाव घेतलं आणि बऱ्याच बिअरना आसपासच्या जागांची नावं दिली. कुठली तळ्याच्या नावाची, कुठली डोंगराच्या. ज्या जागेचं नाव, तिथे ती बाटली न्यायची आणि दोघांना एका चौकटीत आणायचं, एवढंच मी करते. ओरेगनचा हा भाग मला नकाशापेक्षा या नावांमुळेच जास्त कळला.

सगळ्यात जीव लावलाय तो मिरर पाँडने. मिरर पाँड पेल एल ही बिअर ज्या तळ्याच्या नावाची, ते गावाच्या मधोमध आहे, ड्रेक पार्कला लागून. खरं तर ते तळं नाहीच. १९१० मध्ये विजेसाठी नदीवर बंधारा घातला, पाणी तुंबलं आणि आरशासारखं पसरलं. पण संथ पाण्यात गाळ बसतोच. १९८४ मध्ये तो उपसला, तरी पुन्हा साचला. परत उपसायचा, की बंधारा काढून नदीला तिच्या वाटेने जाऊ द्यायचं, यावर गावात वर्षानुवर्षं वाद चाललाय. उद्या नदी मोकळी वाहू लागली तर मला आनंदच होईल, पण मग हा आरसा नाहीसा होईल आणि त्याचं नाव तेवढं बाटल्यांवर उरेल. आज दोन्ही आहेत, म्हणून मी घाईने फोटो काढते. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा जाते. बाटली काठावरच्या दगडावर ठेवते आणि कॅमेरा पार पाण्याच्या पातळीला आणते. सूर्य बाटलीच्या मागे आला की तपकिरी काच आतून पेटल्यासारखी दिसते. मग दोन-चार क्लिक, आणि बाटली लगेच पिशवीत. उन्हाने बिअरमधल्या हॉप्स या फुलांची कडू द्रव्यं बिघडतात आणि बिअरला घाण वास येतो. तपकिरी काच तो धोका कमी करते, पण पुरता टाळत नाही.

ब्लॅक ब्यूट पोर्टर ही बिअर काळीभोर, आणि तिचा ब्लॅक ब्यूट डोंगर लांबून तसाच गडद. जुना ज्वालामुखी आहे, उंची सुमारे ६,४०० फूट. वय लाखो वर्षांचं, तरी शंकूचा आकार शाबूत. कारण तो कॅस्केड पर्वतरांगेच्या पर्जन्यछायेत येतो. शेजारच्या शिखरांना हिमनद्यांनी कोरून काढलं, याच्या वाट्याला तेवढं बर्फच आलं नाही. वर वणव्यावर नजर ठेवायचा मनोरा आहे आणि पायथ्याशी मेटोलियस नदी थेट जमिनीतून उसळून बाहेर येते. हे एकदा पाहिल्यावर लेबलवरचा डोंगर नुसतं चित्र राहत नाही. शिखरावर मात्र वाऱ्यामुळे बाटली उभी ठेवणंच कठीण, म्हणून माझे चांगले फोटो खालच्या कुरणातून काढलेले आहेत, मागे अख्खा डोंगर घेऊन.

ऑब्सिडियन स्टाउट या बिअरसाठी न्यूबेरी ज्वालामुखीवर जावं लागतं. तिथे साधारण १,३०० वर्षांपूर्वीचा लाव्हा काळ्या काचेचे, म्हणजे ऑब्सिडियनचे, ढीग होऊन पडलाय. बाबा, काचेची बाटली काचेच्या खडकावर ठेवलेली, दोन्ही लखलखीत! आकाशाची चकाकी इतकी, की लेबल वाचता येत नाही. मग लेन्सवरचा पोलरायझर हळूहळू फिरवायचा. एका विशिष्ट कोनात चकाकी विरते, अक्षरं वर येतात आणि खडकातल्या राखाडी रेघासुद्धा दिसू लागतात. तो क्षण मला फार आवडतो. तिथला एक तुकडाही उचलून आणायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे.

निवडक फोटो छापून पाठवतेय, मागे जागांची नावं लिहिली आहेत. पण मला तुम्हाला या जागा प्रत्यक्ष दाखवायच्या आहेत. न्यूबेरीचा रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये या. मिरर पाँडच्या काठची वाट सपाट आहे, आईच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. ब्लॅक ब्यूट आपण खालूनच बघू. बाबा, ट्रायपॉड तुम्ही धरायचा. दोघांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते बघून कळवा, पुढचं मी बघते.

तुमची लेक