ओघळलेले कान

पुणे, ३ ऑगस्ट

प्रिय शालू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "लेकीच्या लग्नात कुड्या घालायच्या तर माझ्या ओघळलेल्या कानाच्या पाळीमागे चिकटपट्टी लावावी लागणार." मी मुद्दामच गप्प बसले. माझ्या कानाला तेव्हा टाके होते! काल निघाले, म्हणून आता सगळं सांगते.

माझा उजवा कान तुला ठाऊकच आहे. सासूबाईंच्या जड झुब्यांनी भोक ओघळत गेलं आणि त्याची उभी चीर झाली. खाली दोऱ्याएवढी कातडी उरली होती, ती पुतणीच्या बाळाने उष्टावणाच्या दिवशी एका हिसक्यात तोडली. रक्त थेंबभर आलं. रडलं बाळच, माझ्या ओरडण्याने.

मग मी मूर्खपणा केला. 'बिनटाक्याचं, बिनदुखण्याचं' अशी पाटी पाहून एका पार्लरमध्ये गेले. त्यांनी काहीतरी जळजळीत लावलं आणि वर डिंकासारखं फासून पट्टी मारली. पंधराव्या दिवशी वेणी घालताना कान पुन्हा दुभंगला, आणि पाळीवर काळा डाग राहिला तो वेगळाच.

प्लास्टिक सर्जनबाईंनी आरसा हातात देऊन दाखवलं. चिरेच्या दोन्ही कडा आतून कातडीने मढलेल्या असतात. कातडीला कातडी कितीही दिवस टेकवून ठेवा, ती सांधत नाही. ती आतली कातडी कापून कडा ओल्या कराव्या लागतात, मगच त्या जुळतात. तुझ्या परसातल्या आंब्याला कलम करताना साल नाही का तासत, तसंच.

पाळीत कूर्चा, म्हणजे मऊ हाड नसतं, नुसती चरबी आणि कातडी. त्यामुळे काम अर्ध्या तासाचं. बधिर करायची सुई मात्र चावते, खोटं नाही सांगत. नंतर नुसती ओढाताण कळते. पुढून आणि मागून बारीक टाके. मला गंमत वाटली ती खालच्या कडेची. तिथे सरळ शिवण घातली तर व्रण आक्रसताना पाळीला खाच पडते, म्हणून बाईंनी शेवटचा भाग नागमोडी कापून जुळवला.

घरी आल्यावर राहवेना, संस्कृतची मास्तरीण ना मी! सुश्रुतसंहिता काढली. सूत्रस्थानाचा १६वा अध्याय कान टोचण्या-सांधण्याचाच आहे. फाटलेली पाळी सांधायचे १५ प्रकार, त्यांतले शेवटचे पाच असाध्य. कडा खरवडायच्या, जुळवायच्या, मध-तूप लावून कापसाने झाकायचं आणि दोरा ना फार घट्ट, ना फार सैल बांधायचा. पाळी अजिबातच नसेल तर गालाचं मांस मुळापासून न तोडता वळवून नवी पाळी करायची. (१७९४मध्ये लंडनच्या मासिकात कावसजी नावाच्या गाडीवानाचं, कापलेल्याच्या जागी पुण्याजवळ नवं बसवलेलं नाक छापून आलं, तीही अशीच करामत, फक्त कपाळाच्या कातडीची.) पथ्यात दिवसा झोपणं वर्ज्य, अतिभोजन वर्ज्य आणि वाक्श्रम, म्हणजे फार बोलणंही वर्ज्य! हे शेवटचं मी ह्यांना वाचून दाखवायला नको होतं. आठ दिवस जरा तोंड उघडलं की "सुश्रुत, सुश्रुत" सुरू.

आता तुझं. लग्न फेब्रुवारीत. गणपतीच्या आधी कान शिवून घे, नाहीतर तू पितृपक्षाचं निमित्त काढशील. टाके आठवड्याभरात निघतात. नवं भोक साधारण तीन महिन्यांनी, तेही जुन्या शिवणीवर नाही, तिच्या शेजारी. शिवणीची जागा कायमची कच्ची. म्हणजे नोव्हेंबर उजाडला. पुढचे दीड-दोन महिने हलकी बाळी, आणि कुड्या थेट सीमांतपूजनाला.

एक मात्र विसरू नकोस. तुझ्या दंडावरचा लहानपणीच्या लशीचा व्रण फुगून जाड झालाय ना, तो सर्जनला आधीच दाखव. ज्यांचे व्रण असे वाढतात त्यांच्या कानाला गाठ यायची भीती असते. नुसतं तोंडी सांगू नकोस, बाही वर करून दाखव.

शनिवारी ये, माझा कान बघ आणि मग काय ते ठरव. येताना तुझ्या आईच्या कुड्या आण. आमच्या सोनाराला मागच्या फिरक्या बदलायला सांगू. चकती मोठी असली की भार पसरतो.

तुझी,
मंदा