हेड उतरवण्याआधी पाण्याची वाट शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली की उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगावला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला गर्दी सुरू होते. खडकवासला-पानशेतकडेही बोटी निघतात. पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी राहिलेली जुनी इंजिने याच दिवसांत पुन्हा चालू होतात आणि ‘ऑइलमध्ये पाणी आलं, हेड गॅस्केट गेली’ हा निकालही याच दिवसांत लागतो. अनेकदा तो काही न तपासताच दिलेला असतो. हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरते, नवी गॅस्केट (त्याखालचा सांधा बंद ठेवणारे पान) बसते आणि महिन्याभरात ऑइल पुन्हा दुधाळ होते.

बोटमालकांना कळकळीची विनंती आहे. सेल्फ मारल्यावर इंजिन ‘ठक्’ करून अडले, तर दुसऱ्यांदा सेल्फ मारू नका. पाणी दबत नाही. पिस्टनवर साठलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साधे काम सगळे इंजिन खोलण्यावर जाते. इग्निशन तोडा, सगळे प्लग काढा (डिझेल असेल तर इंजेक्टर), क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा आणि पाणी कोणत्या सिलिंडरमधून येते ते लिहून ठेवा. काढलेले प्लग नंबर टाकून कागदावर ओळीने मांडा. बाकीचे काळपट-तपकिरी आणि एकच घासून काढल्यासारखा लख्ख दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये चालू इंजिनात पाणी जाऊन वाफ होत होती. प्लगवर गंज असेल तर पाणी आत बरेच दिवस उभे होते.

पेट्रोल इंजिन नुसतेच अडखळत असेल तर आधी टाकी बघा. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी मुरते आणि प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉलसकट वेगळे होऊन तळाशी बसते. फिल्टरच्या वाटीतले इंधन काचेच्या बाटलीत पंधरा मिनिटे ठेवा. दोन थर दिसले तर दोष टाकीत आहे, हेडला हात लावायचे कारण नाही.

एक्झॉस्टची वाट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनात थंड करून आलेले पाणी एक्झॉस्टमध्येच सोडतात. इंजिन लागत नाही म्हणून सेल्फ मारत बसलो, तर पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरते. म्हणून जास्त सेल्फ मारायचा असेल तर पाण्याचा कॉक बंद ठेवा आणि इंजिन लागताक्षणी उघडा. जुना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा नळ) आतून गंजूनही असेच होते. तो काढून, तोंडे बंद करून 15 पीएसआय हवा भरा आणि पाण्याच्या टाकीत बुडवा. बुडबुडे आले की चोर सापडला.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. गेज नाना पेठेत मिळतो, पण पेट्रोलचा डिझेलला लावू नका, तिथे दाब 300 पीएसआयच्या वर जातो. सिलिंडरांमधला फरक 10-15 टक्क्यांच्या आत हवा. शेजारचे दोन एकदम पडले असतील तर गॅस्केट त्या दोघांमधल्या पट्टीवर जळालेली असण्याचीच शक्यता जास्त. एकच पडला असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. (ही ऑइलची चाचणी डिझेलवर करू नये.)

गॅस्केट खरोखर गेली असेल, तर ती का गेली हे शोधल्याशिवाय हेड बसवू नका. आपल्याकडे जलपर्णी आणि गाळ पाण्याचा मार्ग बंद करतात, इंजिन तापते, हेड वाकते. इंपेलरचे (पाण्याच्या पंपातल्या चक्राचे) पाते तुटलेले असेल तर त्याचा तुकडा हाती लागेपर्यंत शोधा, तो पुढे थर्मोस्टॅटपाशी अडकतो. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजचे 0.1 मिमीचे पान आत शिरले तर हेड फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवा. बोल्टच्या भोकांतले पाणी-ऑइल हवेने उडवा, नाहीतर टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) खोटा लागतो आणि ब्लॉक तडकू शकतो. बोल्ट आवळणे मधून बाहेर, तीन टप्प्यांत. धरणाचे पाणी थेट घेणाऱ्या इंजिनात गळतीबंद पावडर टाकणे म्हणजे पैसे धरणात टाकणे.

पाणी काढलेले इंजिन त्याच दिवशी चालवा, नाहीतर रिंगा सिलिंडरच्या बोअरमध्ये गंजून धरतात. ऑइल आणि फिल्टर बदलून दहा मिनिटे चालवा, गरम असतानाच ऑइल काढा. दुधाळपणा जाईपर्यंत दोन-तीनदा हेच करा.

प्रवासी आणि बचावकार्याच्या प्रत्येक बोटीच्या वहीत कॉम्प्रेशनचे आकडे सिलिंडरनिहाय, तारखेसह लिहिणे संबंधित खात्यांनी सक्तीचे करावे. कॉम्प्रेशन पडत चालले आहे हे मागच्या वर्षीचा आकडा शेजारी असला तरच दिसते.

– जुन्या बोट इंजिनांच्या कामातले वाचक, पुणे