अपघाताला नशीब म्हणू नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉलपटू मॉर्डेकाय ब्राउनवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. ‘बोट तुटलं आणि नशीब उघडलं’ हे शीर्षक देताना तुमच्याकडे एकालाही काही वाटलं नाही?

माझ्या उजव्या हाताची तर्जनी अर्धी नाही. बाराव्या वर्षी कडबाकुट्टीत गेली. यंत्राच्या तोंडावर झाकण नव्हतं. वडील विचारायला गेले तेव्हा विकणाऱ्याने ‘पोराला लांब ठेवायचं’ एवढंच ऐकवलं. आमचं घर दुधावर चालायचं. धार काढताना अंगठा आणि तर्जनीने सडाचं वरचं टोक आवळावं लागतं, नाहीतर दूध खाली न येता परत कासेत चढतं. मी मधल्या बोटाने आवळायला शिकलो. मनगट सुजायचं, म्हैस लाथ झाडायची, उरलेली धार आई काढायची. बादलीत पूर्वीसारखा फेस यायला सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांना कुणी नशीब म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

ब्राउनचंही तेच. इंडियानातल्या शेतावर लहानपणी चारा कापायच्या यंत्रात तर्जनी गेली. ती बरी होते न होते तोच पडून बाकीची बोटं दुखावली आणि मधलं बोट कायमचं वाकडं झालं. लेखात त्याला तीनच बोटं होती असं म्हटलंय, पण तसं नव्हतं; ‘थ्री फिंगर’ हे नुसतं टोपणनाव होतं. मिसरूड फुटायच्या वयात तो कोळशाच्या खाणीत कामाला लागला. खाणकामगारांच्या संघात आधी तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षणाला उभा राहायचा, पिचर म्हणजे चेंडू टाकणारा नंतर झाला. सेंट लुईसच्या संघाकडून मोठ्या लीगमध्ये आला १९०३ साली, सव्विसाव्या वर्षी. म्हणजे अपघातानंतर जवळपास वीस वर्षांनी! थोटकावरून सुटलेला चेंडू वेगळा फिरायचा हे खरं आहे. पण तो हवा तिथे, हवा तेव्हा बुडवायला वाकड्या बोटावर किती जोर द्यायचा, हे यंत्राने त्याला शिकवलं नव्हतं.

१९०६ मध्ये शिकागो कब्ज या संघाकडून त्याने, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडल्या तर, दर नऊ डावांमागे सरासरी १.०४ धावा दिल्या. ८ ऑक्टोबर १९०८ चा न्यूयॉर्कमधला सामना तर तुम्ही गाळलाच. लीगचं अजिंक्यपद त्या एका सामन्यावर होतं. समोर न्यूयॉर्कचा नावाजलेला पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन. पहिल्याच डावात कब्जचा पिचर गडबडला, ब्राउन आला आणि शेवटपर्यंत टिकला. कब्ज ४-२ ने जिंकले. २३९ विजय मिळवलेल्या माणसाबद्दल लिहायला तुम्हाला अर्धं पान होतं, त्यातलं निम्मं त्या यंत्रावर गेलं. १९४९ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत घेतलं, पण तो आदल्या वर्षीच वारला होता. हेही लेखात नाही.

जाता जाता आणखी एक. गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या मुली जिल्ह्याच्या खो-खोत पहिल्या आल्या. तुमच्या पानावर दोन ओळी आल्या, त्यात एकाही मुलीचं नाव नव्हतं. माझी नात त्या संघात आहे. सकाळी तिने पेपर दोनदा उलटून पाहिला आणि घडी घालून ठेवून दिला. नावं शाळेने कळवली होती. निदान या रविवारी तरी छापा.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. संगमनेर