रेडिओलॉजिस्टची नजर एकाच स्क्रीनवर नसते

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

एआय एक्स-रे वाचणार, सीटी वाचणार अशा बातम्या हल्ली सारख्या येतात, पण डॉक्टर स्वतः कसे वाचतात, त्यांचे डोळे कुठे फिरतात आणि गाठ नेमकी कुठे निसटते यावर आपल्या इंदूरमधे कोणी बोलतच नाही, म्हणून हे पत्र. मी इन्स्ट्रुमेंटेशनवाली, रामबागेत राहते, मागचे काही महिने एका सेंटरमधे रेडिओलॉजीच्या पोरांना आय-ट्रॅकिंगचा, म्हणजे नजर कुठे फिरते ते टिपणाऱ्या यंत्राचा, सेटअप लावून देतेय.

काम जुनंच आहे. १९७८ साली अमेरिकेत कुंडेल, नोडाइन वगैरेंनी छातीच्या एक्स-रेवर डॉक्टरांची नजर टिपून दाखवलं की सुटलेल्या गाठी तीन तऱ्हेच्या, एक जिथे नजर गेलीच नाही, एक जिथून ती नुसती सरकून गेली, आणि एक जिच्यावर बराच वेळ थांबली तरी डॉक्टर नाही म्हणाले. तिन्हींवर शिकवायची रीत वेगळी हवी ना!

आता अडचण अशी की स्क्रीनखाली लावायचा साधा ट्रॅकर एकाच मॉनिटरपुरता असतो आणि रेडिओलॉजिस्ट बसतात दोन उभ्या मॉनिटरसमोर, शेजारी तिसरा लिस्ट आणि रिपोर्टचा, जुना स्कॅन डावीकडे नवा उजवीकडे, मान वळली की ट्रॅकरला डोळा दिसतच नाही. सेंटरवाले म्हणाले, एकाच स्क्रीनवर करून टाका. मला हे अजिबात पटत नाही, जुन्या-नव्याची तुलना करताना जे निसटतं ते मग कधी सापडणार?

म्हणून चष्म्यासारखा ट्रॅकर घेतला. त्याच्या पुढच्या कॅमेऱ्याला मॉनिटरच्या कोपऱ्यातले काळे-पांढरे चौकोनी मार्कर दिसले की सॉफ्टवेअरला कळतं नजर कुठल्या स्क्रीनवर आहे. पण पहिले दोन दिवस काही म्हणजे काही जमेना, खोली अंधारी, स्क्रीन लख्ख, कागदी मार्कर कॅमेऱ्यात नुसते काळे डाग! शेवटी मार्कर स्क्रीनवरच कोपऱ्यात दाखवले, पांढऱ्याऐवजी ग्रे, म्हणजे डॉक्टरांच्या डोळ्यांवर येत नाहीत. मग घड्याळाची भानगड, ट्रॅकरचा लॅपटॉप आणि स्कॅनचा पीसी यांच्यात सेकंदभराचा फरक, तेवढ्यात डॉक्टर सीटीतल्या कितीतरी स्लाइस, म्हणजे एकामागून एक आडव्या कापांची चित्रं, पुढे गेलेले असतात आणि डेटात नजर भलत्याच स्लाइसवर पडलेली दिसते. दोन्ही मशीन एकाच टाइम सर्व्हरवर घेतली, शिवाय स्क्रोल, झूम, विंडोइंग (चित्राचा उजेड-कॉन्ट्रास्ट बदलणं) सगळं वेळेसकट लॉग केलं, त्याशिवाय नजरेच्या आकड्यांना काही अर्थच नाही.

आणि कॅलिब्रेशन, म्हणजे ट्रॅकरला नजर नेमकी कुठे आहे ते जुळवून देणं, मधल्या स्क्रीनवर एकदा करून भागत नाही हो. साठ सेंटीमीटरवरून एक डिग्रीची चूक म्हणजे स्क्रीनवर सेंटीमीटरभर, आणि फुप्फुसातली गाठ कधी पाच-सहा मिलिमीटरचीच असते, म्हणजे चूकच गाठीपेक्षा मोठी. आम्ही प्रत्येक स्क्रीनच्या कडेपर्यंत तपासतो आणि दर थोड्या केसनंतर परत, कारण चष्मा नाकावरून जरा घसरला तरी सगळं हलतं.

आपल्याकडे मेडिकल कॉलेज आहे, एसजीएसआयटीएस इंजिनीअरिंग कॉलेज आहे, आयआयटी आहे. त्यांच्यापैकी कोणी रोजच्या वापरातली, तिन्ही मॉनिटर जागेवर असलेली रीडिंग रूम संध्याकाळी दोन तास दिली तर मार्करच्या फाइली, टाइम सिंकची स्क्रिप्ट आणि माझा वेळ, सगळं फुकट द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर