तक्रार: 18 नंबर स्क्वाड्रनचा नकली पॅच आणि त्यासोबतचा चुकीचा इतिहास

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 'मूळ' म्हणून नकली पॅच पाठवल्याबद्दल आणि माहितीपत्रकातील चुका दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

मागच्या महिन्यात मी आपल्याकडून भारतीय हवाई दलाच्या स्क्वाड्रन पॅचचा, म्हणजे विमानांच्या तुकडीचं बोधचिन्ह भरलेल्या, गणवेशावर लावायच्या कापडी बिल्ल्यांचा, चार नगांचा संच मागवला. 7, 17, 18 आणि 22 नंबर. एकूण 6,250 रुपये भरले, त्यातले 3,500 एकट्या 18 नंबरचे, कारण जाहिरातीत त्याच्यापुढे '1971 च्या युद्धकाळातील मूळ पॅच, वापरलेला' असं लिहिलं होतं. बाकीचे तीन नवे आहेत हे आपण आधीच सांगितलं होतं, त्यांच्या कापडाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

18 नंबरचा पॅच मी भिंगाखाली धरला. मागे वेल्क्रो. भरतकामाखाली कागदासारखं पांढरंशुभ्र अस्तर, टाके संगणकावरच्या मशीनचे, एकाला एक जुळणारे. कापड पिवळट पडलेलं, पण तो पिवळेपणा सगळीकडे सारखा, वेल्क्रोखालीसुद्धा. वापरून मळलेला पॅच असा दिसत नाही. माझ्याकडे त्याच काळातला एक पॅच आहे, हवाई दलातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी दिलेला. त्याच्या कडेने सुईची भोकं आहेत, एका कोपऱ्यात तुटलेला खाकी दोरा अजून अडकलेला आहे, आणि रंग उडालाय तो फक्त समोरून. उलटा केला की मूळचा निळा तसाच दिसतो. दोन्ही पॅच शेजारी ठेवून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

शिवाय ब्रीदवाक्य. 18 नंबरचं ब्रीद 'तीव्र और निर्भय'. आपल्या पॅचवर 'तिव्र' भरलंय, पहिली वेलांटी. जी चूक शाळेत गुरुजी लाल शाईने खोडतात ती स्क्वाड्रनच्या ब्रीदवाक्यात कशी चालेल?

तरीही पैशांपेक्षा जास्त त्रास झाला तो संचासोबतच्या माहितीपत्रकाचा. त्यात छापलंय की फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी मिग-21 मधून पठाणकोटचं रक्षण केलं. सेखों नॅट हे छोटं लढाऊ विमान उडवत होते आणि लढले श्रीनगरवर. 1948 पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे श्रीनगरच्या तळावर संरक्षणाची लढाऊ विमानं ठेवलीच जात नव्हती. युद्ध पेटलं तेव्हा 18 नंबरची नॅट तिथे उतरली, आणि म्हणून या स्क्वाड्रनला 'काश्मीर खोऱ्याचे रक्षक' म्हणतात. 14 डिसेंबर 1971 च्या सकाळी पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं श्रीनगरवर आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना सेखोंनी नॅट उचललं, सहांशी झुंजले आणि परतले नाहीत. हवाई दलाला मिळालेलं परमवीर चक्र आजवर हे एकच. पत्रकात विमान चुकलं आणि गावही चुकलं. मग उरलं काय? आपला संच घेणारा मुलगा पत्रक भिंतीला लावेल आणि हेच पाठ करेल.

17 नंबरबद्दल तर '2020 मध्ये राफेलसाठी स्थापन झालेली नवी स्क्वाड्रन' असं लिहिलंय. 17 नंबर, म्हणजेच 'गोल्डन ॲरोज', 1951 पासूनची आहे. कारगिलच्या वेळी, 1999 मध्ये, ती भटिंड्याहून मिग-21 उडवत होती. 27 मे रोजी वीरगतीला गेलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा याच स्क्वाड्रनचे, आणि तेव्हाचे तिचे कमांडिंग ऑफिसर बी. एस. धनोआ पुढे हवाई दल प्रमुख झाले. जुनी विमानं निवृत्त झाली की स्क्वाड्रन थांबवून ठेवतात, हवाई दलात त्याला 'नंबर प्लेट' होणं म्हणतात. नंबर, बोधचिन्ह, ब्रीद, इतिहास सगळं जपून ठेवलं जातं आणि नवी विमानं आली की तोच नंबर पुन्हा उभा राहतो. 18 नंबरचंही तेच झालं. 15 एप्रिल 1965 ला नॅटवर सुरू झाली, मिग-27 उडवत असताना 15 एप्रिल 2016 ला थांबली, 1 एप्रिल 2020 ला सुलूरला पुन्हा उभी राहिली आणि आता तेजस उडवते. पॅच जमवणारे आम्ही लोक याच धाग्यासाठी जमवतो. विमान बदलतं, छातीवरचं चिन्ह तेच राहतं. जुन्या स्क्वाड्रनला 'नवी' म्हणणं म्हणजे तिच्या माणसांची नावं पुसणं.

यात माझं स्वतःचंही थोडं आहे. माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. मिग-27 तिथेच बांधली जात, आणि 18 नंबर तीच उडवत होती. संध्याकाळी ते घरी आले की हाताला तेलाचा वास असायचा. हा पॅच मला त्यांच्या फोटोशेजारी लावायचा होता. हा मी लावू शकत नाही.

1971 मध्ये पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर बोयऱ्याला 22 नंबरने केलेल्या हवाई लढतीचं श्रेय पत्रकात 7 नंबरला दिलंय. 22 नोव्हेंबर 1971 ला कोलकात्याच्या डमडमहून उडालेली चार नॅट 22 नंबरची होती. 7 नंबर तेव्हा हंटर ही वेगळी लढाऊ विमानं उडवत होती. त्या दिवशी पकडलेल्या पाकिस्तानी वैमानिकांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले, इतकी ही लढत नोंदलेली आहे. तपासायला दहा मिनिटं पुरली असती.

आपल्या ग्राहक सेवेला दोनदा फोन केला. 'फोटोत दाखवल्याप्रमाणेच वस्तू आहे' आणि 'वापरलेल्या वस्तूवर परतावा नाही' एवढंच उत्तर मिळालं. फोटोत पॅचची मागची बाजू नव्हती. आणि ही वस्तू वापरलेली नाहीच, माझी तक्रारच ती आहे. नवा पॅच नवा म्हणून विकला असता तर मी आनंदाने घेतला असता.

माझी मागणी अशी. 18 नंबरच्या पॅचचे 3,500 रुपये परत करावेत आणि पॅच आपल्या खर्चाने घेऊन जावा. जाहिरातीतला 'मूळ' हा शब्द काढावा. पत्रक मागे घेऊन दुरुस्त करावं, आणि हा संच ज्यांनी ज्यांनी घेतला त्या सर्वांना दुरुस्त पत्रक पाठवावं. ही शेवटची मागणी मी सोडणार नाही. मजकूर तपासून हवा असेल तर मी विनामूल्य तपासून देईन.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणं बंधनकारक आहे. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

बिलाची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पॅचच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि चुका खुणावलेलं पत्रक सोबत आहे. पॅच मूळ पाकिटात ठेवला आहे. कुरिअरवाला कधी पाठवता ते कळवावं. सकाळी अकरापर्यंत मी घरी असतो.

आपला,
एक ग्राहक
नाशिक